टाकून देण्याचा निकष

काही स्फटिकांत इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकट्या इलेक्ट्रॉनची अवस्था सांगण्याला अर्थच उरत नाही. सांगायची तर सगळ्यांची मिळून सांगावी लागते. प्रत्येक नव्या स्पिनबरोबर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चिमुकल्या चुंबकाबरोबर, त्या वर्णनाला लागणाऱ्या संख्या दुप्पट होतात. ३०० स्पिनांपाशीच त्या दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त भरतात. वॉल्टर कोन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात म्हटले होते की, हजाराहून अधिक इलेक्ट्रॉनांचे तरंगफल ही वैज्ञानिकदृष्ट्या वैध कल्पनाच नव्हे. ही अडचण संगणकाच्या ताकदीची आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ती पहिल्यापासून निवडीची होती: एवढ्या पसाऱ्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे?

केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये कोंडो समस्येसाठी, म्हणजे धातूतल्या एकट्या चुंबकीय अशुद्धीच्या कोड्यासाठी, दिलेले उत्तर साधे होते. प्रणाली टप्प्याटप्प्याने वाढवायची आणि दर टप्प्यावर सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्था तेवढ्या ठेवायच्या. तिथे ते चालले, पण स्पिनांच्या साखळ्यांवर फसले. पेटीतल्या एका कणाच्या प्राथमिक गणितातही फसले. कारण फार बोलके आहे. तुकडा एकटा धरला की त्याच्या कमी ऊर्जेच्या अवस्था कडेला शून्य होतात, आणि दोन तुकडे जोडल्यावर खरी अवस्था नेमकी त्या सांध्यावर सर्वांत मोठी असते. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये निकषच बदलला. तुकडा एकटा पाहायचाच नाही; त्याच्या ज्या अवस्था भोवतालाशी सर्वांत जास्त गुंतलेल्या आहेत, त्याच ठेवायच्या. पुढच्याच वर्षी व्हाइट आणि डेव्हिड ह्यूस यांनी स्पिन-१ साखळीचे ऊर्जाअंतर, म्हणजे तळाची अवस्था आणि तिच्या वरची अवस्था यांतले अंतर, शेजारच्या स्पिनांमधल्या जोडणीच्या एककात ०.४१०५ इतक्या बारकाईने काढले. ही पद्धत इतकी का चालते, हे मात्र नंतर उलगडत गेले. ऑस्टलुंड आणि रोमर यांनी १९९५ मध्ये तिच्या पोटातली मॅट्रिक्स-गुणाकारांची रचना दाखवली. ऊर्जाअंतर असलेल्या साखळीच्या तळाच्या अवस्थेत दोन भागांमधला गुंता लांबीबरोबर वाढत नाही, हे हेस्टिंग्ज यांनी २००७ मध्ये सिद्ध केले. कोन यांनी दाखवलेली मर्यादा खरीच होती, पण निसर्गातल्या तळाच्या अवस्था त्या अफाट अवकाशाच्या एका लहानशा कोपऱ्यात राहतात.

यावर रास्त आक्षेप असा की, साखळी म्हणजे पदार्थ नव्हे. द्विमितीत पट्टी रुंद होत गेली की गुंता वाढतो आणि खर्च पुन्हा घातांकी होतो. व्हेर्स्ट्राटे आणि सिराक यांनी २००४ मध्ये सुचवलेली टेन्सरांची, म्हणजे बहुमितीय संख्या-सारण्यांची, जाळी तो गुंता सामावून घेते, पण तिच्यातून अचूक उत्तर काढणे सर्वसाधारणपणे अतिशय कठीण आहे. त्रिकोण-षटकोनांच्या कागोमे जाळीवरच्या स्पिनांबाबत २०११ च्या गणनेने ऊर्जाअंतर असल्याचे सांगितले, तर २०१७ च्या गणनेने ते नसल्याच्या खुणा दाखवल्या. ज्या निकषाने आपण टाकतो, तोच आपल्याला हवे ते दाखवत असेल, तर? ही शंका मला गंभीर वाटते, आणि तिचे उत्तर एका पद्धतीजवळ असूच शकत नाही. २०१७ मध्येच जाळीवरच्या इलेक्ट्रॉनांच्या हबर्ड मॉडेलवर चार निरनिराळ्या पद्धती लावल्या गेल्या. प्रत्येकीची टाकण्याची रीत वेगळी, म्हणून चुकाही वेगळ्या. तरी एक-अष्टमांश डोपिंगला, म्हणजे आठ जागांमागे एक इलेक्ट्रॉन कमी असताना, चौघींनी पट्टेदार रचनाच दिली. असे एकमत सिद्धता नसते, पण एका पद्धतीच्या कितीही दशांश स्थळांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन.

काळाबरोबर बदलणाऱ्या प्रणालींत अडचण अधिक खोल आहे, कारण तिथे गुंता सतत वाढत जातो. क्वांटम संगणक साध्या संगणकांच्या पुढे गेल्याचा दावा करतात तो इथेच. २०२३ मध्ये आयबीएमच्या १२७ क्यूबिटांच्या प्रयोगाने तो केला आणि काही आठवड्यांतच टेन्सरांच्या जाळीने त्याची उत्तरे साध्या संगणकावर काढून दाखवली. म्हणून अशा दाव्यात मी क्यूबिटांच्या संख्येआधी एकच गोष्ट पाहतो: त्यांच्यात गुंता प्रत्यक्षात किती निर्माण झाला.