सुटा भाग

घर जुने झाले की त्यातील माणसांबरोबर वस्तूही वृद्ध होतात. वृद्ध माणसाच्या औषधोपचाराविषयी मात्र जेवढा विचार होतो, त्याच्या शतांशानेही वृद्ध वस्तूविषयी होत नाही. वस्तू बंद पडली, दुरुस्त होईना, की ती टाकून द्यावी हा व्यवहार सर्वमान्य आहे. त्यात नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल असे सहसा कुणाला वाटत नाही. तो प्रश्न आहे, आणि एखाद्या क्षुल्लक, जवळजवळ विस्मृत झालेल्या वस्तूच्या संदर्भातच तो अधिक स्वच्छ दिसतो.

अशी एक वस्तू म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटन-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांतून वावरणारा विजेचा फ्लोअर पॉलिशर, म्हणजे जमीन घोटण्याचे यंत्र. लांब दांडा, त्याच्या बुडाशी धातूचे किंवा बेकलाइटचे घुमटासारखे कवच, आत एक मोटर आणि तिच्याखाली गरगर फिरणारे दोन-तीन ब्रश, एवढाच त्याचा संसार. असे यंत्र आजही एखाद्या घराच्या माळ्यावर सापडते. वीज जोडल्यावर मोटर फिरते. पण पट्टा तुटलेला असतो, किंवा ब्रशचे केस झडलेले असतात. बनवणारी कंपनी बंद तरी झालेली असते, किंवा नाव तेवढे उरून तिचे मालक आणि माल दोन्ही बदललेले असतात. मग सुट्या भागाचा शोध सुरू होतो. जुन्या बाजारांतून, मृत दुकानदारांच्या शिलकी मालातून, दुसऱ्या कुणाच्या अडगळीतून हा शोध महिनोन्‌महिने चालतो. ज्या यंत्राचे काम एका दुपारी हाताने होण्यासारखे आहे, त्याच्या पट्ट्यासाठी माणसाने एवढे कष्ट का घ्यावेत? आणि पट्टा मिळालाच नाही, तर यंत्राचे आयुष्य संपले असे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी यंत्राचे कुळ पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी सॅम्युअल कर्टिस जॉन्सन याने १८८६ मध्ये लाकडी तुकड्यांच्या नक्षीदार जमिनी विकण्याचा व्यवसाय विकत घेतला. जमिनी विकल्या गेल्या, पण त्यांची निगा कशी राखावी असे ग्राहक विचारू लागले. त्याच्या उत्तरादाखल जॉन्सनने मेण तयार केले. पुढे जमिनीचा व्यवसाय मागे पडला आणि मेणच त्याच्या घराण्याची ओळख झाले. हे मेण जमिनीवर पसरून, वाळवून, घोटावे लागे. ते घोटणाऱ्या मोलकरणी तासन्‌तास गुडघ्यांवर बसत. गुडघ्याच्या वाटीपुढील पिशवीला येणाऱ्या सुजेला इंग्रजीत ‘मोलकरणीचा गुडघा’ असेच नाव पडले आहे. एका व्यवसायाच्या वेदनेने रोगाला नाव द्यावे, इतकी ती वेदना सर्वपरिचित होती. विजेच्या पॉलिशरने ती उभे राहून करण्याजोगी केली. पाठ ताठ ठेवून घरकाम करता येणे ही सुखसोय तर होतीच, परंतु त्याहून अधिक ती प्रतिष्ठा होती.

भारतीय वाचकाला हे यंत्र परके वाटेल. शेणाने सारवलेल्या जमिनीला शेण, पाणी आणि हात एवढेच लागते, आणि त्यांचे सुटे भाग कधी बाजारातून नाहीसे होत नाहीत. पण म्हणून सारवणाऱ्या बाईचे गुडघे वेगळ्या हाडांचे होते असे नाही. यंत्राने श्रमाला दिलासा दिला तो खरा. त्याबरोबरच त्याने श्रमाला एका दूरच्या कारखान्याशी बांधूनही टाकले. हाताला हाताचाच आधार होता. यंत्राला मात्र पट्टा लागतो, आणि पट्टा दुसऱ्या कुणीतरी करावा लागतो.

विशेष असे की, या यंत्राला दुसऱ्या सरस यंत्राने हरवले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत लाकडी जमिनींवर टिकाऊ पॉलियुरेथेनचा लेप आला, मेणाची गरज नसलेल्या प्लास्टिकच्या फरश्या आल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे आले. यंत्राच्या पायाखालची जमीनच बदलली. त्याचे कौशल्य शाबूत राहिले आणि कौशल्याचे प्रयोजन नाहीसे झाले. अशी गत यंत्रांचीच होते असे नाही. कल्हईवाला, पिंजारी, पाथरवट यांना कुणी त्यांच्या कलेत जिंकले नव्हते. ज्या भांड्यांसाठी, गाद्यांसाठी आणि जात्यांसाठी ते होते, ती घरातून निघून गेली.

आता सुट्या भागांकडे वळावे. अशा यंत्रात जे भाग निकामी होतात त्यांचे दोन वर्ग पडतात. मोटरच्या आत कार्बनचे दोन लहान ठोकळे फिरत्या तांब्याला सतत घासत वीज पोचवतात. ते तांब्यापेक्षा मऊ ठेवलेले असतात; त्यांनी झिजावे आणि तांबे वाचावे अशीच योजना असते. बेअरिंगचे मापही बहुधा प्रमाणित असते. हे भाग सार्वजनिक भाषेत बोलतात. कोणत्याही मोठ्या शहरातला कारागीर जवळच्या मापाचा कार्बन कानशीने घासून बसवू शकतो. दुसऱ्या वर्गातले भाग खाजगी भाषेत बोलतात. ब्रश अडकवण्याची विशिष्ट आकाराची खाच, एकाच नमुन्यासाठी ओतलेला दातेरी पट्टा, बेकलाइटचे कवच, यांचा अर्थ कळणारे जगात एकच घर होते आणि ते बंद झाले. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये शोधलेले बेकलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून त्याचा तुकडा धातूसारखा वितळवून सांधताही येत नाही. रबराचा पट्टा तर न वापरताही कुजतो. जुन्या दुकानात कोरा पट्टा सापडल्याचा आनंद पुष्कळदा तो ताणून पाहीपर्यंतच टिकतो.

सुटा भाग ही कल्पना मुळातच एक सामाजिक करार आहे. एका बंदुकीचा चाप दुसऱ्या बंदुकीला बसावा, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां याने दाखवले. ते पाहून थॉमस जेफर्सनने १७८५ मध्ये पॅरिसहून मायदेशी कौतुकाचे पत्र लिहिले. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांसाठी ५५ अंशांचा एकच कोन सुचवला, तेव्हा ब्रिटनमधील प्रत्येक कारखान्याचे वेगळे आटे एका मापावर येऊ लागले. आज सर्वत्र रुळलेल्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. जुन्या ब्रिटिश यंत्रात नवा स्क्रू दोन फेरे जातो आणि अडकतो. या पाच अंशांच्या फरकात एक आख्खे औद्योगिक युग मावते. प्रमाण म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढीला दिलेले वचन. आणि वचनाची भाषाच बदलली, तर वचन मोडल्याचा दोष कुणाच्याही माथी न येता ते मोडते.

समजा, सारे भाग एकेक करून बदलले. मग उरले ते तेच यंत्र काय? हा प्रश्न जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की, आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय. आणि कोणताही एक भाग रथ नसल्याचे राजाला मान्य करावे लागते. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव ठरते. प्लुटार्कने सांगितलेल्या थिसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलत गेल्या, तेव्हा अथेन्समधील विचारवंतांतही असाच वाद पडला. १६५५ मध्ये थॉमस हॉब्जने त्यात एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते?

जुन्या यंत्रांच्या दुनियेत हॉब्जचा पेच रोजचा आहे. सुटा भाग मिळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच नमुन्याचे दुसरे यंत्र मिळवून ते उकलणे. एक जगावे म्हणून दुसरे संपते. उकललेल्या यंत्राचेही काही बिघडलेले असते, पण तेही कधीकाळी दुरुस्त होऊ शकले असते. शिवाय अशा प्रत्येक दुरुस्तीने जगातील एकूण साठा एकाने घटतो. म्हणजे जतनाच्या प्रत्येक कृतीत थोडासा विनाश अटळ असतो, आणि ज्याला आपण जपणूक म्हणतो ती पुष्कळदा केवळ निवड असते. एकाच मालकाच्या आग्रहापोटी चार यंत्रे उकलली जात असतील, तर त्या आग्रहाला प्रेम म्हणावे की लोभ, हे तपासून पाहावे लागेल.

मराठी घरात या पेचाचे एक शांत उत्तर फार पूर्वीपासून आहे. गोधडीत आजीच्या लुगड्याचा, बापाच्या धोतराचा, मुलीच्या झबल्याचा तुकडा एकत्र शिवला जातो. तिथे मूळ कोणते आणि ठिगळ कोणते असा वाद उद्भवत नाही, कारण ठिगळ हेच तिचे अंग असते. जपानमधील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा उभारले जाते. अशी शेवटची उभारणी २०१३ मध्ये झाली. तेथे लाकडापेक्षा ते रचणाऱ्या सुतारांची विद्या अखंड राहते. यावरून असे म्हणता येईल की, वस्तूची ओळख तिच्या द्रव्यात जितकी असते तितकीच ती दुरुस्त करणाऱ्यांच्या परंपरेत असते. पट्टा नसणे ही आपत्ती लहान आहे. पट्टा कसा करावा हे जाणणारा हात नसणे ही मोठी. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही वरवर पाहता भंगाराची ठिकाणे. प्रत्यक्षात ती या हातांची विद्यापीठे आहेत. तेथे भागाचे नाव ठाऊक नसले तरी चालते. तुटका तुकडा दाखवला की पुरते.

मग वस्तूचे मरण कोण ठरवते? डिसेंबर १९२४ मध्ये जगातील प्रमुख दिवा-उत्पादकांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले. ज्यांचे दिवे अधिक टिकत त्यांना दंड होई. टिकाऊपणा हा दोष ठरवून त्याला शिक्षा देणारी ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली. १९३२ मध्ये बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने महामंदीवर उपाय म्हणून एक पुस्तिका लिहिली. सरकारने प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरवून द्यावे आणि मुदत संपताच ती कायद्याने मृत मानावी, अशी त्याची सूचना होती. हेतू बेकारांना काम मिळावे असा होता, म्हणून ती निव्वळ लबाडी म्हणता येत नाही. पण तिच्यात वस्तूच्या मागे उभ्या असलेल्या श्रमाचा विचार नव्हता. पहिले श्रम वाया घालवून दुसऱ्या श्रमाला काम देणे, हा उपाय रोगाइतकाच क्रूर आहे.

उलट बाजूचाही विचार न्यायाने केला पाहिजे. अनंत काळ सुटे भाग पुरवण्याची सक्ती केली, तर कोणताही उत्पादक नवे काही करू धजणार नाही. कोठारे भरण्याचा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी येतो. जुन्या यंत्राच्या तारांवरचे रबर तडकलेले असते, आणि ते तसेच चालवणे म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणे. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला तो वयाची वीस वर्षांची मर्यादा पुरी झाल्याने. पुष्कळांना हळहळ वाटली, पण शहराच्या हवेचाही त्या हळहळीवर हक्क होता. प्रत्येक जुनी वस्तू जगवणे हे कर्तव्य असू शकत नाही.

तरीही कर्तव्याचा एक किमान अंश उरतोच, आणि तो तिघांत वाटला गेला पाहिजे. ज्याने वस्तू केली त्याने ती उघडता येईल अशी करावी, तिची मापे लपवू नयेत आणि वाजवी काळ तिचे भाग द्यावेत. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले. भारतातही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने समिती नेमली. ज्ञान गुप्त ठेवून वस्तू विकणे म्हणजे अर्धीच वस्तू विकणे, हे तत्त्व कायद्याने हळूहळू मान्य होत आहे. समाजाने दुरुस्ती करणाऱ्या हाताला नवी वस्तू विकणाऱ्याइतकी प्रतिष्ठा आणि मोबदला द्यावा. आणि वस्तू वापरणाऱ्याने ती टाकण्यापूर्वी एकदा तरी उघडून पाहावी.

हा शेवटचा अंश सर्वांत लहान वाटतो, पण बाकीचे दोन त्यावरच उभे आहेत. जो कधीच झाकण उघडत नाही त्याला दुरुस्त करणारा कधीच लागत नाही, आणि ज्या समाजाला दुरुस्त करणारा लागत नाही तेथे भाग करणाऱ्यावर कसलेच बंधन राहत नाही. पट्टा शोधणारा माणूस एका यंत्रासाठी वेळ दवडतो असे हिशेबाच्या वहीत दिसेल. वहीत न दिसणारी गोष्ट अशी की, शोधता शोधता तो यंत्र कसे चालते हे शिकतो, ते कुणी केले आणि कुणाच्या गुडघ्यांना त्याने आराम दिला हे त्याला कळते. पट्टा अखेर मिळाला नाही आणि यंत्र भंगारात द्यावे लागले, तरी ते तो जाणतेपणाने देतो. वस्तूचे ऋण पूर्णपणे फिटत नाही; पण काय टाकतो आहोत याची जाण ठेवून टाकणे, एवढी त्याची परतफेड प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.