विकले म्हणजे सुटले का?



जव्हार-मोखाड्याची आपण डोंगरातली माणसे. समुद्र आपल्याकडे येतो तो सुक्या बोंबलाच्या रूपाने. तरी आज एका जहाजाविषयी लिहितो आहे.

1960 साली फ्रान्सच्या सेंट नाझेर येथे ‘फ्रान्स’ नावाचे जहाज पाण्यात उतरले. लांबी 316 मीटर. आपला एखादा पाडा त्यात सहज मावेल. 1962 पासून ते प्रवाशांना अमेरिकेला नेऊ लागले. पण लोक विमानाने जाऊ लागले, तेल महागले, सरकारने मदत थांबवली आणि 1974 मध्ये ते बंदरात पडून राहिले. 1979 मध्ये नॉर्वेच्या एका व्यावसायिकाने ते घेतले व नाव ठेवले ‘नॉर्वे’. आता प्रवाशांना कुठे पोहोचायचे नव्हते, नुसते फिरायचे होते. म्हणून चारपैकी दोन पंखे काढले, वेग कमी केला. म्हाताऱ्या माणसाला नांगर सोडायला लावून राखणीला बसवावे, तसेच हे. या दुसऱ्या जन्मी ते वीसहून अधिक वर्षे राबले.

मे 2003 मध्ये मायामी बंदरात त्याचा बॉयलर फुटला. आठ जण गेले, सगळे जहाजावरचे कामगार.

पुन्हा नाव बदलले, ‘ब्लू लेडी’. 2006 मध्ये ते खंबातच्या आखातावर, गुजरातमधील अलंगला तोडायला आले. त्याच्या भिंतींत ॲसबेस्टस होते. ते बंदिस्त असते तोवर फारसे बाधत नाही. तोडताना मात्र धूळ होऊन फुप्फुसात जाते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2007 मध्ये तोडायची परवानगी मिळाली.

दोष कुणाचा? प्रत्येक मालक म्हणेल, मी तर विकून टाकले होते. आणि तोडणाऱ्यालाही काम हवेच असते. काम बंद करा म्हणणे सोपे, त्याच्या घरची चूल कोण पेटवणार? जहाजे सुरक्षितपणे तोडण्याचा हाँगकाँग करार 2025 मध्ये लागू झाला, हे चांगलेच. तरी मला वाटते, ज्याने जहाजाच्या उमेदीची वर्षे खाल्ली, त्याने त्याच्या शेवटाचा खर्चही द्यावा. विक्रीच्या कागदाने मालकी जाते, देणे जात नाही.

दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरून कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. पावसाआधी हिशोब होतो. शेटच्या वहीत बाकी शून्य. पंधरा-वीस हंगाम विटा वाहिलेली पाठ मात्र घरी येते आणि तिच्या औषधाचे पैसे मुलगा-सून भरतात.

आमच्या घराची कुडाची भिंत काढून विटांची बांधली, तेव्हा मीही विटेचा दर तेवढा विचारला होता.