धैर्य आणि माघार

हवेहून हलक्या यानाचें सारें शास्त्र एका नियमांत सांठविलेलें आहे. त्यानें बाजूस सारलेल्या हवेचें वजन त्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक असेल, तर तें वर चढतें. वाळू टाकली कीं वर, वायु सोडला कीं खालीं. दिशा मात्र वारा ठरवील ती. अशा यानांत पाऊल ठेवणाराचें धैर्य कशावरून ओळखावें?

स्वीडनच्या आंद्रे यानें बलूनमधून उत्तर ध्रुव गांठण्याचा संकल्प केला. राजा ऑस्कर व आल्फ्रेड नोबेल यांनीं द्रव्य दिलें. जड दोर बर्फावरून फरफटत नेऊन वेग वाऱ्याहून कमी करावयाचा, व मग शिडानें बलून वळवावयाचें, अशी योजना होती. १८९६ सालीं वारा प्रतिकूल राहिल्यानें उड्डाण झालें नाहीं. त्या अवधींत त्याचा सहकारी, हवामानशास्त्रज्ञ एकहोल्म, यानें गळतीचा हिशेब मांडला. हायड्रोजन इतका झिरपत होता कीं, एवढा प्रवास पुरा होणें अशक्य. त्यानें आपलें नांव काढून घेतलें.

पुढील वर्षीं ११ जुलैस आंद्रे निघाला. बरोबर सत्तावीस वर्षांचा फ्रेंकेल व वाङ्निश्चय झालेला चोवीस वर्षांचा स्ट्रिंडबर्ग होता. निघतांच दोरांचे बरेच भाग सुटून मागें राहिले. सुमारें पासष्ट तासांनीं बलून बर्फावर उतरलें. तिघांचे अवशेष १९३० सालीं श्वेत बेटावर सांपडले.

कोणी म्हणेल, हिशेबच पाहत बसल्यास नवे प्रदेश सांपडतील कसे? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु अज्ञात संकट पत्करणें निराळें, आणि ज्ञात दोषाकडे डोळेझांक करणें निराळें. जिवावर उदार होण्यास एकहोल्मही आरंभीं सिद्धच होता. त्यानें नाकारलें तें संकट नव्हे, स्वतःची फसवणूक. स्वप्न खोटें नव्हतें: १९२६ सालीं आमुन्सेनप्रभृतींची ‘नॉर्जे’ नौका त्याच ध्रुवावरून गेली, पण तिला यंत्र होतें, सुकाणू होतें.

राजाचा आशीर्वाद, दात्यांचा पैसा व लोकांचा जयघोष पाठीशीं असतां निघणें सोपें, थांबणेंच अवघड. शिवाय आंद्रेच्या निर्णयावर त्याचा एकट्याचाच जीव टांगलेला नव्हता. दोन तरुणांनीं त्याच्यावर विश्वास टाकला होता. स्वतःचा प्राण देणें हा मनुष्याचा अधिकार म्हणतां येईल. दुसऱ्याच्या विश्वासावर आपली अब्रू राखणें हा नव्हे. म्हणून विजयी वीरांच्या यादींत नसलेल्या एकहोल्मचें नांवही धैर्याच्या प्रकरणांत लिहिलें पाहिजे.