ठाऊक आणि हाती

दिवाळीत भाचा घरी आला होता. तो पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम करतो, वर्षातले आठ महिने खेड्यापाड्यांतून हिंडतो. त्यामुळे त्याचं बोलणं मी उडवून लावत नाही. जेवताना तो म्हणाला, "मामा, गरीब देशांच्या आरोग्यावर संशोधन आता पुरे झालं. स्वच्छ पाणी, लसी, साबण, संडास. उपाय सगळे ठाऊक आहेत. तोच पैसा वाटपाला लावा." मी तेव्हा गप्प राहिलो, पण त्यातलं 'ठाऊक आहेत' काही मनातून जाईना.

गरिबी, रोगराई आणि युद्ध एकमेकांच्या हातात हात घालून येतात, हे वेगळं सांगायला नको. मला बोलायचंय ते ठाऊक असणं आणि हाती असणं यांतल्या अंतराबद्दल.

1971 साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर, उलट्या-जुलाबांच्या थारोळ्यात पडलेले होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं पाणी पिंपांत भरून ठेवलं. ही युक्ती नवी नव्हती. ढाक्यातल्या कॉलरा संशोधनशाळेत 1968 मध्येच ती रुग्णांवर आजमावून झाली होती. पण हे पाणी डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं, असं सगळे धरून चालले होते. महालनबीसांनी ते रुग्णाच्या आईच्या, भावाच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं.

भाचा म्हणेल, हे वाटपच झालं की! मला ते पटत नाही. न शिकलेल्या आईने पेल्याने पाजलं तर रुग्ण वाचतो का, हा स्वतंत्र प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

ती लढाई संपली तरी जुलाबाने मुलं दगावायची थांबली नाहीत. 1980 पासून दहा वर्षं 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघर गेल्या. या पाण्यासाठीच्या तयार पुड्या सगळीकडे पोचणार नव्हत्या, म्हणून त्यांनी शिकवलं ते असं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. अर्ध्या शेराची खूण घरातल्याच भांड्यावर करायची. आयांच्या लक्षात किती राहिलं यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. बायकांना सगळं तोंडपाठ झालं, तरी मूल आजारी पडलं की फार थोड्या घरांत ते पाणी होई. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. घरच्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग आधी कार्यकर्त्यांची खात्री पटवली, बाजारात आणि मशिदीत पुरुषांशी बोलणं झालं आणि वापर वाढत गेला. एक कोटीहून जास्त घरं त्यांनी पालथी घातली. ठाऊक ते हाती यायला इतका शोध लागला.

इथे मला माझी आई आठवते. ती नळाच्या तोटीला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची, आणि नवं कापड बांधलं तर म्हणायची, "हे नाही गाळत." आम्ही तो तिचा हट्ट समजायचो. पुढे मतलब या बांगलादेशातल्या भागात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात ते साडीतून गाळले जातात का, हे तपासलं. धुऊन धुऊन विरलेल्या जुन्या सुती साडीचे धागे मऊ होऊन पसरतात आणि त्यांतली भोकं बारीक होतात. तिच्या चार घड्या करून पाणी गाळलं तर कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झाला. 2003 साली हे छापून आलं. वाचलं तेव्हा आई नव्हती.

इथवर लिहून झालं तेव्हा भाच्याला खोडून काढलं असं वाटत होतं. पण बांगलादेशचं नाव घेतलं की कूपनलिका टाळता येत नाहीत. तळ्याच्या घाण पाण्याने मुलं मरत होती, म्हणून 1970 च्या दशकात युनिसेफ आणि सरकारने हातपंपांच्या कूपनलिका घ्यायला लावल्या. लोकांना त्या इतक्या पटल्या की पुढे बहुतेक त्यांनी स्वतःच्या पैशाने खोदल्या. वाटप म्हणावं तर असं, की ज्याला तोड नाही. आणि त्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्याला ना चव, ना वास. पाणी तपासलं जायचं ते जंतूंसाठी. सीमेच्या अलीकडे, कोलकात्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने, डॉ. के. सी. साहा यांनी, 1983 च्या सुमारास रुग्णांच्या अंगावरचे डाग आणि निबर झालेले तळवे पाहून ही विषबाधा ओळखली. बांगलादेशात ते विष 1993 मध्ये सापडलं. पुढच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना त्याचा धोका होता.

म्हणजे गोष्ट हाती होती, ठाऊक नव्हती. हे उदाहरण भाच्यापुढे टाकायला सोपं आहे, पण ते माझ्याही अंगावर येतं. कूपनलिकांमागेही तज्ज्ञांची खात्रीच होती. संशोधन आधी होऊन गेलं होतं. उणीव होती ती नंतरच्या विचारण्याची. तीन वर्षांचा निधी, एक निबंध, आणि गाव सोडून परत, या प्रकाराची मीही आजवर तरफदारी केली. आता वाटतं, त्या पैशाबद्दल भाचा बरोबर आहे. तो थांबवावा. मात्र तो वाटपात न घालता मतलबमध्ये 1966 पासून चाललंय त्या कामाला द्यावा. तिथे घरोघरचा जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होते. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात शोध लागल्याचा आनंद वर्षानुवर्षं मिळत नाही, आणि गावातली पोर मोठी होऊन आई होईपर्यंत कुणीतरी तिथेच असतं.

2000 नंतर बांगलादेशात जवळपास 50 लाख कूपनलिका तपासल्या. विषारी पंपाला लाल रंग, चांगल्याला हिरवा. ज्यांचा पंप लाल निघाला, त्यांनी शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर जायचं. पण तो पंप शेजाऱ्याच्या अंगणात. नव्या सुनेने रोज चार वेळा परक्याच्या अंगणात कळशी घेऊन जायचं, तर दोन घरांत आधी सलोखा हवा. त्यासाठी कुणी परिषद भरवत नाही.

त्यातल्या पुष्कळ पंपांवरचा रंग आता उडालाय. मी भाच्याला फोन करून विचारलं, तुमच्या योजनांत पंप बसवल्यावर दहा वर्षांनी पाणी तपासायला कोण जातं? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तो खर्च मंजूर होत नाही."