पसाऱ्याला जागा

कलावंताच्या कुत्र्याविषयी लिहिताना त्याच्या निष्ठेचे गोडवे गायले जातात. त्याने घातलेल्या पसाऱ्याची दखल कोणी घेत नाही. शिकण्यासारखं मात्र त्या पसाऱ्यातच आहे. १९५७ मध्ये छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनचा लंप हा बुटका डाक्सहुंड कुत्रा पिकासोच्या फ्रान्समधल्या कान येथील घरी आला आणि तिथलाच झाला. पिकासोने पुठ्ठ्याचा ससा कापून त्याच्यापुढे धरला, तर लंपने तो खाऊन टाकला! त्याच वर्षी वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’वर चित्रमालिका करताना पिकासोने मूळ चित्रातल्या भारदस्त कुत्र्याच्या जागी हाच लंप आणला. पुढे चित्रकार डेव्हिड हॉकनीने स्टॅनली आणि बूजी ही आपली कुत्री रंगवायला घेतली. ती एका जागी ठरत नसत, दाराशी चाहूल लागली की उठून पळत. हॉकनीने इझल खाली आणलं, घरभर कागद मांडले, रंग कालवून तयार ठेवले. कुत्र्यांना बसायला शिकवण्याऐवजी त्याने स्वतःची कामाची पद्धत बदलली. ती माया होतीच, पण तिच्यामागे नीट विचार केलेली व्यवस्थाही होती.

दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत आज उणीव आहे ती याच व्यवस्थेची. कस्तुरबा गांधी मार्गावर वास्तुकार चार्ल्स कोरियांनी रचलेल्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चित्रकार हॉवर्ड हॉजकिनने काळ्या-पांढऱ्या दगडांत झाडाची सावली पसरली आहे. त्या सावलीची पानं गळत नाहीत, ती कोणाला झाडावी लागत नाहीत. जिवंत प्राण्याचं तसं नसतं. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक सोडू नयेत, खाणं ठरलेल्या जागीच घालावं, असं ठरलं.

यावर कोणी म्हणेल की चित्रकाराचा बंगला वेगळा आणि पदपथ वेगळा. चावा बसतो तो पायी चालणाऱ्या मजुराला, फुटपाथवर झोपलेल्या पोराला. हा आक्षेप खराच आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, तिथे भूतदयेची भाषा तोकडी पडते. पण म्हणूनच नुसतं बिस्किट टाकून निघून जाणं ही दया नव्हे, आणि सगळी कुत्री हाकलणं हा उपायही नव्हे. रिकाम्या झालेल्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज हात जोडतो, कारण ती घाण करत नाहीत, चावत नाहीत. खऱ्या कुत्र्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. कस्तुरबा गांधी मार्गावर मोठमोठ्या संस्था आहेत, आपलं महाराष्ट्र सदनही आहे. प्रत्येकाने आपल्या फाटकाबाहेरच्या कुत्र्यांच्या लसीची आणि निर्बीजीकरणाची नोंद ठेवावी, आणि खाणं घालण्याची जागा पालिकेकडून ठरवून घ्यावी.