भाजण्याची घाई

मुंबई-पुण्यात मातीकामाच्या दोन-तीन तासांच्या कार्यशाळा आता सर्रास चालतात. चाकाला कधी हात न लावलेला माणूस बसतो, शिकवणारा त्याच्या हातांना हात लावून एक वाटी उभी करून देतो आणि काही आठवड्यांनी ती भाजून, ग्लेझ चढवून त्याच्या घरी येते. यात फसवणूक कुणाचीच होत नाही. पण छंदाचा श्रीगणेशाच वस्तू घरी नेण्याने झाला, तर माती जे शिकवू शकते त्यातलं बरंचसं आपण गमावतो.

दगडाचा उडालेला टवका परत बसत नाही. माती मात्र मोडता येते. अगदी वाळली तरी भिजवून पुन्हा मळता येते. ही सवलत विस्तवापर्यंतच. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात मातीच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी निघून जातं. मग ती कितीही भिजवा, तिचा चिखल होत नाही. प्रवरेकाठच्या जोर्व्यात आणि घोड नदीकाठच्या इनामगावात उत्खननात निघालेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली खापरं सुमारे तीन हजार वर्षं जमिनीत राहूनही खापरंच राहिली. इतकं टिकणारं काही करायचं, तर ते टिकावं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कुंभाराला या प्रश्नात रेंगाळण्याची सोय नसते. संक्रांतीची सुगडं, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या वेळेवर बाजारात हव्यात. त्याच्यासाठी मोडलेलं मडकं म्हणजे बुडालेली मजुरी. हौशी माणसाचं पोट त्यावर नाही. मोडण्याची चैन त्यालाच परवडते. नेमकी तीच तो वापरत नाही. नुकतंच घडवलेलं भांडं तारेने उभं कापलं की बूड कुठे जाड राहिलं, भिंत कुठे पातळ झाली, हे एका नजरेत दिसतं. ते कपाटात मांडून ठेवलेल्या भांड्यात दिसत नाही.

भट्टीशिवाय शिक्षण अपुरं, हा आक्षेप मात्र खरा आहे. आतून न पोखरलेला जाड मुखवटा पुरता वाळण्याआधी भट्टीत गेला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो; हा धडा विस्तवच देतो. ग्लेझचंही तसंच. म्हणून भाजावं जरूर, पण निवडून.

न भाजता घडवण्याची सवय आपल्याला नवीन नाही. शाडूचा गणपती घरी करणारी कुटुंबं महाराष्ट्रात आजही आहेत. ती मूर्ती भाजत नाहीत, रंगवतात, पूजतात आणि विसर्जित करतात. मूर्ती उरली नाही म्हणून घडवण्याचे श्रम वाया गेले, असं तिथे कुणाला वाटत नाही. पुढच्या वर्षी हात अधिक सफाईने चालतो.

कार्यशाळांनी यातून एवढंच घ्यावं: पैसे मातीचे आणि शिकवण्याचे घ्यावेत, वस्तूचे नकोत, आणि महिनाभराच्या कामातलं एकच भांडं भट्टीत घालायची मुभा द्यावी. ते एक निवडायचं, तर बाकीची का नकोत, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच सांगता यावं लागेल. स्वतःच्या कामाची अशी पारख येणं, हीच या छंदाची खरी कमाई.