यतीमाचा हक्क कशाचा?

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत पोरक्या मुलाला ‘यतीमा’ म्हणतात आणि शिक्षकाला ‘म्वालिमू’. मी स्वतः मुअल्लिम, म्हणून दुसरा शब्द मला जरा जास्तच जवळचा वाटला. दोन्ही मूळ अरबी. तिकडे गेले तसे आपल्या उर्दूतही आले. शब्द एकच, मग प्रश्नही एकच: यतीमाचा आपल्यावर जो हक्क आहे, तो जेवणाचा की माणसाचा?

केनियातील किटुई हा कमी पावसाचा मुलूख. एड्सने अनेक घरांतली मधली पिढी नेली. उरले म्हातारे आणि लेकरे. ‘न्युम्बानी’, म्हणजे घरी, या संस्थेने १९९२ साली नैरोबीत एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम सुरू केले होते. किटुईत तिने २००६ च्या सुमारास गावच वसवले. लांबलचक वसतिगृह नाही, छोटी घरे. प्रत्येक घरात एक आजी किंवा आजोबा आणि दहाएक मुले. काही स्वतःची नातवंडे, काही परक्यांची. मुले शाळेतून येतात, शेतात हात लावतात. आजी मका आणि घेवडा एकत्र शिजवते, रागावते, जवळ घेते. घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभे राहणे वेगळे आणि “हात धुतलेस का?” असे दटावणारे कुणी असणे वेगळे. हा फरक ताटातल्या अन्नाचा नाही.

आफ्रिकेतील कित्येक अनाथगृहांत मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. गरिबीपायी, शाळेच्या आशेने मूल तिथे पोहोचते. त्याच्यावर होणाऱ्या खर्चातले थोडे त्या आईच्याच हाती दिले तर? पण देणाऱ्याला मुलाचा फोटो हवा असतो. आजीच्या फोटोला पैसे येत नाहीत. कटू वाटेल, पण आपणही रमजानात यतीमखान्याच्या इमारतीला जकात देऊन मोकळे होतो आणि गल्लीतल्या विधवेला ‘नंतर ये’ म्हणतो.

इस्लाममधील कफाला म्हणजे मुलाला सांभाळायचे, पण त्याच्या बापाचे नाव पुसायचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, विसाव्या कलमात, हा शब्द नावानिशी आहे. केनियानेही २०२२ मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचे दहा वर्षांचे धोरण आखले. ते मला योग्य वाटते. मात्र ज्याचे कुणीच उरले नाही, त्याला संस्था लागणारच. आणि आजी सत्तरीची, मूल सहा वर्षांचे असेल, तर त्याची शाळा संपेपर्यंत ती पुरेल का, हा हिशोब किटुईच्या त्या घरांतही करावाच लागतो.